द्रीकाचं नाक

आमच्या किनाऱ्यावर ज्या बाईला वाळूतलं कुकुमाक्रांकाचं फळ सापडत नाही तिला बिननाकाची म्हणतात. मी बिननाकाची. लग्न होऊन या गावात आले त्या वर्षी सासूनं मला बायकांबरोबर वाळूत धाडलं. सगळ्या जणी भरल्या ॲप्रननं परतल्या आणि माझ्या ॲप्रनमध्ये दोन शिंपले नि मेंढीच्या लोकरीचा एक पुंजका होता. सासू मरेपर्यंत तो पुंजका विसरली नाही.

पण माझं म्हणणं, ते सापडणार तरी कसं? ऐन उन्हाळ्यात, वाळू पायाला चटके देते तेव्हा, कोरड्या ठक्क जमिनीतून एक पांढरं फूल वर येतं. सोबत पान नाही, काही नाही. थोडे दिवस राहतं आणि जातं. मग कितीतरी दिवस तिथे काहीच दिसत नाही, कारण फळ खाली वाळूतच वाढत असतं, कुणाला न दाखवता. उन्हाळा ओसरून समुद्रावरची धुकी आत येऊ लागली की बोटाएवढं ते पिवळं फळ नखाएवढं टोक वर काढतं, आणि तेही वाळूच्याच रंगाचं. पानं येतात ती त्यानंतर, पाऊस पडल्यावर, पिळलेल्या सुतळीसारखी, जमिनीला चिकटून. म्हणजे फूल, फळ आणि पान यांची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही. मी जन्मभर हे बघत आले आहे, तरी धुक्यात एकटी असताना आठवलं तर मला बरं वाटत नाही.

फळ शोधायचं ते वासावर. पिकलेल्या पेरूत मध कालवावा तसा वास. एक फळ पेटीत रविवारच्या कपड्यांत ठेवलं तर वर्षानुवर्षं कपड्यांना तो वास येतो. ब्रँडीत बुडवून ठेवलं तर पोटदुखीवर चालतं. गावात त्यावाचून कुणाचं अडत नाही, आणि ते शोधण्यात द्रीका ब्योकेसचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

द्रीका माझी शेजारीण. दोघींच्या अंगणांमध्ये एक दगडी कुंपण होतं, तेही तिच्या बकऱ्यांनी पाडलेलं. उंच, हाडकुळी, मेलेल्या नवऱ्याची फेल्ट हॅट सदा डोक्यावर, आणि उसनं नेलेलं परत द्यायची सवय नाही. माझी पिठाची चाळणी तिच्या घरी गेली ती गेलीच. नवरा छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. मग बकऱ्या राखून आणि कारखान्यात मासे चिरून तिनं एकुलत्या एका मुलाला, फ्लोर्सला, मोठं केलं. बोलायला मात्र कडू. मुलावरची मायासुद्धा ती ओरडूनच दाखवायची, आणि तो बिचारा हसून ऐकून घ्यायचा.

वाळूत शिरली की ही बाई निराळी व्हायची. अनवाणी चालता चालता थबकायची, डोळे मिटून तोंड किंचित उघडं ठेवायची, मान हळूहळू फिरवायची, आणि मग कुणी बोलावल्यासारखी सरळ चालू लागायची. जिथे गुडघे टेकेल तिथे फळ असायचंच. पण टोक वर आलेलं नसेल तर ती हात लावायची नाही. नुसती बसून राहायची, आणि उद्या परत यायची. मी एकदा तिच्या मागे जाऊन, ती बसली होती तिथेच बोटं खुपसून एक फळ उकरून काढलं. तिनं माझ्या हातावर फटका मारला. हातात आलं ते पांढरं, पाणचट, आणि वास म्हणून नाही. ती म्हणाली की आधी उकरलेलं फळ स्वतःलाच ओळखत नाही, ते आता जन्मात पिकायचं नाही. मी म्हटलं, बाई गं, फळ आहे ते, चर्चमधला वडीलधारा नव्हे. त्यावर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

मोठी लढाई संपून थोडाच काळ झाला होता तेव्हाची गोष्ट. फ्लोर्सचं लीसशी लग्न झालं होतं. लीस गरीब स्वभावाची, पण हसायला लागली की रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. ईस्टर झाल्यावर ती माहेरी गेली, आणि फ्लोर्स आतल्या शेतांवर मेंढ्या कातरायला निघाला. वाटेत पोट बिघडू नये म्हणून द्रीकानं त्याच्या कोटाच्या खिशात ताजे कुकुमाक्रांका भरले. इथल्या सगळ्याच आया भरतात. त्या सकाळी धुकं होतं. पांढऱ्या टेकाडाच्या पायथ्याशी बकऱ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्याला हात केला, त्यानं उलट हात केला आणि तो धुक्यात शिरला. शेतावर तो पोचलाच नाही.

पांढरं टेकाड म्हणजे आमच्या गावामागची चालती वाळू. तिच्यावर गवताची काडी नाही. वारा तिला ढकलत असतो, आज वाट असते तिथे पुढच्या वर्षी टेकाड असतं. गावाची जुनी विहीर तिच्याखाली गेली, माझ्या सासऱ्याच्या हयातीत पुन्हा उघडी पडली, पण पाणी काही परत आलं नाही. तिच्यात हरवलेला फ्लोर्स काही पहिला नव्हता. फुटलेल्या जहाजांवरचे खलाशी, दारू पिऊन वाट चुकलेले, एक फेरीवाला, असे बरेच जण तिनं घेतले आहेत, आणि कुणाचं प्रेत मिळालं नाही. फ्लोर्ससाठी पुरुष ओळीनं काठ्या खुपसत हिंडले. एक हवालदार घोड्यावरून आला, कॉफी प्यायला, गेला. मग सगळ्यांनी हात टेकले.

वर्षं गेली. लीस सासूपाशीच राहिली. बकऱ्यांचं दूध काढायची, कारखान्यात जायची, रात्री सासूचे पाय चेपायची. तिचं ते हसणं मात्र बंद झालं. ते पुन्हा ऐकू आलं ते मिठागरावर काम करणारा यान्नी तिला पाण्याचा हंडा उचलून देऊ लागला तेव्हा. मला तर बरंच वाटलं. तरणीताठी पोर, किती दिवस अशी राहणार.

आणि मग एका नाताळाच्या सुमारास, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, दुपारी, सगळं गाव उन्हानं दारं लावून पडलेलं असताना, द्रीका माझ्या अर्ध्या दारापाशी येऊन उभी राहिली. आमच्याकडे दारं दोन तुकड्यांची असतात. खालचा लावलेला, वरचा उघडा. वरच्या चौकटीत तिची हॅट आणि तिचं ते नाक.

"ट्रुई," ती म्हणाली, "कुकुमाक्रांका पिकलाय."

मी म्हटलं, "डोक्यात ऊन शिरलं का तुझ्या? आत्ता तर फुलं येतायत."

"पांढऱ्या टेकाडावर."

तिथे काही उगवत नाही हे पोरंही सांगतील. पण ती हटेना, म्हणून मी चप्पल घातली आणि गेले. बकऱ्या नेहमी तिच्या पायांत घोटाळतात, त्या त्या दिवशी टेकाडाच्या पायथ्याशीच थांबल्या. सगळ्या एका दिशेला तोंड करून. त्यांतली एकही ओरडली नाही, ते मला अजून आठवतं.

टेकाडाच्या मागच्या अंगाला, वाऱ्यानं खरवडून काढलेल्या खळग्यात, पांढरी फुलं होती. आजूबाजूला लांबवर नुसती झाडलेली वाळू आणि मधोमध ती फुलं, दाटीवाटीनं. द्रीका म्हणाली की माणूस कुशीवर निजावा तेवढी जागा आहे बघ. मला तसं काही दिसलं नाही. मी म्हटलं, वाऱ्यानं बी आणलं असेल. ती म्हणाली, त्याचं बी ओलं नि जड असतं, वाऱ्यानं उडत नाही, कुणीतरी खिशातून आणलं तरच येतं. मग तिनं डोळे मिटले आणि गुडघे टेकले.

"फ्लोर्स आहे," ती म्हणाली. "वास येतोय त्याचा. तुला येत नाही?"

मला कसला येतोय. मी उन्हाचा, वाळूचा नि माझ्याच घामाचा वास घेत उभी होते. मी म्हटलं, चल, पुरुषांना बोलावू, फावडी आणू, असेल तर असेल. तर तिनं माझं मनगट असं धरलं की काळंनिळं झालं. म्हणाली, "हात लावायचा नाही. अजून फूल आहे. उन्हाळा ओसरला की येईल तो वर, आपणहून."

ती फळाबद्दल बोलतेय की मुलाबद्दल हे मला कळेना, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

त्या दिवसापासून ती रोज जाऊन तिथे बसू लागली. सकाळी पाण्याची बाटली, वाळवलेला मासा आणि भाकरीचा तुकडा घेऊन जायची, अंधार पडायच्या आत परतायची. फुलं गळून गेली, वाळूवर खूण उरली नाही, तरी ही तिथेच. कारखान्यात बायका तिची नक्कल करायच्या. मीही केली आहे. डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून. पण परतताना कुणीही टेकाडाच्या बाजूनं यायचं नाही, लांबच्या वाटेनं समुद्राकडून यायचं. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळे तसंच करायचे.

इकडे लीसचा झगा पुढून वर उचलला जाऊ लागला. गावाला दिसायला फार वेळ लागला नाही. यान्नी भला माणूस, लग्नाला एका पायावर तयार. पण आमचं गाव चर्चच्या जमिनीवर वसलेलं. घर, बकऱ्यांचं कुरण, पिण्याचं पाणी, सगळं चर्चच्या मंडळीत नाव असेल त्याचं. लग्नावाचून मूल झालं तर नाव खोडतात, मुलाचा बाप्तिस्मा होत नाही, आणि बकऱ्या हाकत, सामान पाठीवर घेऊन आतल्या कोरड्या मुलखात निघून जायचं. तसं गेलेलं एकही कुटुंब मी परत आलेलं पाहिलेलं नाही.

चर्चचे वडीलधारे, म्हणजे पाळक नसताना मंडळीचा कारभार बघणारे, तेव्हा सारेल काका होते. माणूस दुष्ट नव्हता, आणि हेच कठीण होतं, कारण दुष्ट असता तर शिव्या तरी घातल्या असत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फ्लोर्स मेला असं कुणी पाहिलं नाही. चर्चमध्ये लग्नाचा पुकारा केला आणि उद्या तो दारात उभा राहिला तर देवापुढे काय तोंड दाखवायचं? प्रेत आणा, त्याच्या आईला सांगू दे की हा माझा मुलगा, मी त्याच रविवारी पुकारा करतो. लग्न लावणारे पाळक बाहेरगावचे, ते लवकरच येणार होते, आणि त्यानंतर एकदम ईस्टरनंतर. लीसचे दिवस ईस्टरच्या आधीच भरणार होते.

म्हणजे सगळं येऊन अडलं ते द्रीकापाशी. तिला ठाऊक होतं तो कुठे आहे, किंवा तिला तसं वाटत होतं, आणि ती कुणाला वाळूत बोट घालू देत नव्हती. यान्नी एकदा फावडं घेऊन गेला तर ही त्या जागेवर आडवी पडली. त्यानं फावडं खांद्यावर टाकलं आणि परत आला. मला म्हणाला, "ट्रुई मावशी, म्हातारीला मी घाबरत नाही. पण तिच्या अंगाखालची वाळू हलत होती." मी त्याला म्हटलं, ती धापा टाकत असेल.

शेवटी लीसच मला म्हणाली की तुम्ही चला माझ्याबरोबर. आम्ही दुपारी निघालो. ऊन होतं, पण अर्ध्या वाटेवर समुद्राकडून धुकं उठलं, जमिनीलगत आलं आणि आमच्या आधी टेकाडावर चढलं. खळग्यात पोचलो तोवर द्रीकाची नुसती हॅट दिसत होती. ती कुणाशीतरी बोलत होती, हलक्या आवाजात, कधी नव्हे ते गोड बोलत होती. आमची चाहूल लागल्यावर थांबली.

लीस तिच्यासमोर वाळूत बसली. मला वाटलं रडेल, पाया पडेल. तसं काही नाही. म्हणाली, "मा, मी तुम्हाला सोडून जात नाहीये. पण मला हे लेकरू घेऊन आत कोरड्यात जायला लावू नका. ते तिथे जगायचं नाही."

द्रीकानं तिच्याकडे बघितलं. मग पुढे सरकून तिनं आपलं ते मोठं नाक लीसच्या पोटाला लावलं आणि डोळे मिटले. बराच वेळ तशीच राहिली. लीस हलली नाही.

"हे त्याचं नाही," द्रीका म्हणाली.

"नाही, मा."

"हे पिकत आलंय. हे थांबायचं नाही."

"नाही, मा."

"तो थांबला असता. अजून थोडे दिवस, आणि आपणहून वर आला असता." ती हात वाळूवर फिरवत होती, झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "आत्ता काढला तर परका होऊन येईल, लीस. सांगून ठेवते तुला."

आणि तिनंच उकरायला सुरुवात केली. मी उकरायला शिंपला पुढे केला, तो तिनं झिडकारला. फळाभोवतीची वाळू काढतात तशी बोटांनी, हळूहळू, कडेकडेनं. खाली ओल लागली. मग त्या फुलझाडांचे पांढरे कांदे लागले, एकमेकांत गुंतलेले, आणि त्यांच्यामधून कोटाची बाही. तिचा चेहरा वाळूला टेकलेला होता, श्वास जोरजोरात चालू होता. बाहीच्या टोकाशी हाताची हाडं दिसली, आणि त्याच क्षणी ती थांबली. तिनं डोकं वर उचललं, इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. घरात दिवा विझल्यावर माणूस भिंत चाचपडतो तशी ती मान हलवत होती.

"गेला," ती म्हणाली.

मी विचारलं, "कोण?"

"वास."

आम्ही यान्नीला हाक मारून आणलं. त्यानं आणि त्याच्या भावानं होडीच्या शिडाच्या कापडात सगळं गोळा करून द्रीकाच्या घरी आणलं, मेजावर ठेवलं. वाटेभर माझ्या नाकाशी काहीतरी घोटाळत होतं. मी म्हटलं, मनाचे खेळ. ऐकून ऐकून माणसाला होतं असं.

सारेल काका आले. हॅट काढून उभे राहिले, प्रार्थना म्हणाले, मग कोट उलटासुलटा करून पाहिला. लढाईनंतर सैन्याचे जुने कोट स्वस्तात मिळाले होते, किनाऱ्यावरच्या निम्म्या पुरुषांच्या अंगावर तोच कोट, तीच बटणं. खिशात कुकुमाक्रांका असणार हेही ठरलेलंच, प्रत्येकाच्या आईनं भरलेला. कवटीवर काय नाव लिहिलेलं असतं? काकांनी द्रीकाला विचारलं, हा तुझा मुलगा का?

द्रीका मेजाशी वाकली. तिनं त्या हाडांचा वास घेतला, कोटाचा घेतला, खिशाचं आतलं अस्तरही नाकाला लावला. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी ओळखत नाही याला."

लीस भिंतीला टेकून खाली बसली. यान्नी बाहेर जाऊन उभा राहिला. सारेल काकांनी हॅट हातात फिरवली; त्यांनाही वाईट वाटत होतं हे दिसत होतं. म्हणाले, असेल कुणी बिचारा, आपण त्याला परका म्हणून पुरू, पण पुकारा मला करता येणार नाही.

आणि मी कोपऱ्यात ॲप्रनच्या टोकानं नाक दाबून उभी होते. कारण ती खोली वासानं भरून गेली होती. अशी की माझ्या घशात गोडवा उतरत होता, डोळ्यांत पाणी येत होतं. मी एकेकाकडे बघितलं. कुणाच्याच तोंडावर काही नाही. सारेल काका शांतपणे श्वास घेत होते. लीसही. जन्मात ज्या बाईला एक फळ सापडलं नाही तिला एकटीला वास येत होता, आणि वाळूत वर्षानुवर्षं नाक खुपसलेली बाई समोर कोरडी बसली होती. मला खूप भीती वाटली. पळून जावंसं वाटलं. पण लीस तशी भिंतीला टेकलेली बघून माझ्याच्यानं जाववेना.

मी म्हटलं, "द्रीका, मला येतोय."

तिनं मान वळवली. "काय येतोय?"

"कुकुमाक्रांकाचा वास."

"तुला?" ती म्हणाली. "तू तर बिननाकाची. माझी दया आली म्हणून खोटं बोलतेस."

"खोटं नाही."

"मग सांग, त्याच्या खाली काय आहे? फळाचा वास तर कुणाच्याही खिशाला येईल. त्याच्या खाली काय आहे ते सांग."

मी ॲप्रन नाकावरून काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासारखे डोळे मिटले आणि तोंड किंचित उघडं ठेवलं. फळ होतं. त्याच्या खाली ओली लोकर. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, काहीतरी कडवट, घरातलं. मला ते इतकं विचित्र वाटलं की बोलायचीच लाज वाटली.

"करपलेलं दूध," मी म्हटलं.

द्रीकाचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. कुणाला काही कळलं नाही, सारेल काका माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. मग ती बोलू लागली, कुणाकडेही न बघता. त्या सकाळी तिनं फ्लोर्सला चुलीवरच्या दुधाकडे बघायला सांगितलं होतं. त्याचं लक्ष नव्हतं, बूट बांधत होता. दूध उतू गेलं, त्याच्या बाहीवर सांडलं, चुलीवर जळलं. बकऱ्यांना त्या वर्षी चारा नव्हता, दूध थोडंच होतं. ती त्याला बोलली. काय बोलली ते सांगणार नाही, म्हणाली. तो नेहमीसारखा हसला नाही. ती ओरडतच त्याच्या खिशात फळं कोंबत होती, आणि तो काही न बोलता दारातून निघून गेला. घरात तेव्हा ती दोघंच होती. एवढे महिने टेकाडावर तिला तो वास येत होता, आणि तिनं तो कुणाला सांगितला नव्हता.

"मला वाटलं आपणहून वर आला तर त्याचा राग गेला असं समजेन," ती म्हणाली.

मग ती उठली. सारेल काकांसमोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्या आवाजात, साक्ष देतात तशी, म्हणाली की हा माझा मुलगा फ्लोर्स, फुकट वेळ घालवू नका, पुकारा करा. लीस तेव्हा रडली. हुंदक्यांनी तिचं सगळं अंग हलत होतं.

द्रीका तिच्याकडे गेली नाही. ती माझ्याकडे आली. इतकी जवळ की तिच्या हॅटची कड माझ्या कपाळाला लागली. मला वाटलं आभार मानेल. तिचे डोळे बघून मी मागे सरकले.

"तुला का?" ती म्हणाली. "मी त्याला जन्म दिला. रोज त्याच्यापाशी बसले. तो तुझ्याकडे का आला?"

मी ॲप्रन पुन्हा नाकावर धरला.

फ्लोर्सला आम्ही चर्चमागे पुरलं. पाळक आले, लीस आणि यान्नीचं लग्न झालं, ईस्टरच्या आधी मुलगी झाली आणि तिचा बाप्तिस्माही झाला. द्रीका नातीसारखी तिला खेळवायची, तिच्यावर ओरडायची नाही, कधीच नाही. वाळूत मात्र ती पुन्हा गेली नाही. तिचं नाक परत आलं नाही. कांदा करपला तरी तिला कळायचं नाही, लीसला धावत यावं लागायचं.

आणि माझं नाक मिटलं नाही. प्रत्येक संध्याकाळी, ऊन उतरलं की तो वास माझ्या घरात येतो. आधी पेरू आणि मध, मग ओली लोकर, मग दूध. खिडकी लावली तरी येतो. कॉफी जाळून पाहिली, तंबाखू ओढून पाहिला. सवय होईल म्हणतात, तर होत नाही.

द्रीका त्यानंतर कधी माझ्या घरात आली नाही, चर्चमध्ये माझ्या बाकावर बसली नाही, रस्त्यात भेटली तर तोंड फिरवायची. मरेपर्यंत तिनं मला माफ केलं नाही, आणि मला त्याचा राग येत नाही. पण रोज संध्याकाळी ती कुंपणाच्या पडक्या जागेतून यायची, माझ्या अर्ध्या दाराशी उभी राहायची, माझ्याकडे न बघता, आत अंधाराकडे बघत.

"आहे का?" एवढंच विचारायची.

मी म्हणायची, "आहे."

मग ती थोडा वेळ तिथेच दाराची कड धरून उभी राहायची, आणि घरी जायची.